आरोग्यचर्चा : दिवसाची पहिली सिगारेट

फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं आणि अमेरिकेंत विंडर व ग्रॅहॅम यांनीं १९५० सालीं आकड्यांनिशीं मांडिला. १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्जन-जनरलांच्या अहवालानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. आतां सुशिक्षित कुटुंबांत हें नव्यानें सांगावयास नको. असें असून, ज्या घरांत तंबाखूचे अपाय सर्वांस तोंडपाठ आहेत, त्याच घरांतील कर्ता पुरुष गच्चीवर जाऊन सिगारेट ओढतो, हें कसें? निर्जळी एकादशी ज्यास जड जात नाहीं, त्यास सकाळच्या चहापर्यंतही सिगारेटवांचून राहवत नाहीं. याचें कारण केवळ निश्चयाचा दुबळेपणा असें आम्हांस वाटत नाहीं.

तंबाखूच्या धुरांत सात हजारांहून अधिक रसायनें असून त्यांपैकीं सुमारें सत्तर कर्करोगास कारण होणारीं आहेत. निकोटीन हें मात्र त्या रोगाचें मुख्य कारण नव्हे. त्याचें काम निराळें. धूर आंत घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत तें मेंदूस पोंचतें आणि तेथें डोपामिन नांवाचें सुखाची जाणीव देणारें द्रव्य स्रवूं लागतें. परंतु रक्तांतील निकोटीन सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें. मग चिडचीड सुरू होते, कामांत चित्त लागत नाहीं, आणि पुढची सिगारेट पेटविली कीं तेवढ्यापुरतें बरें वाटतें. सिगारेटनें डोकें शांत होतें असें ओढणारा म्हणतो, तेव्हां पुष्कळदां मागच्या सिगारेटनेंच लावलेली तहान भागत असते. अशा रीतीनें निकोटीन मनुष्यास पुन्हां पुन्हां धुराकडे नेतें, आणि धुरांतील बेन्झोपायरीन, नायट्रोसअमाइन इत्यादि द्रव्यें पेशींतील जनुकांस इजा करितात. दार उघडून देणारा एक, घर लुटणारे दुसरे!

व्यसन किती खोल गेलें आहे हें निव्वळ सिगारेटींच्या संख्येवरून कळत नाहीं. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ फागरस्ट्रॉम यांनीं १९७८ सालीं यासाठीं एक प्रश्नावली तयार केली. तींतील एक साधा प्रश्न असा : झोपेंतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानें ओढतां? रात्रभर शरीरास निकोटीन मिळालेलें नसतें. म्हणून सकाळची घाई ही व्यसनाची खरी खूण होय.

या प्रश्नाचा कर्करोगाशीं काय संबंध, हें अमेरिकेंतील एका संशोधनावरून दिसतें. तें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ४,७७५ जणांची, नियमित धूम्रपान करूनही तो न झालेल्या २,८३५ जणांशीं तुलना केली होती. उठल्यावर तासाहून अधिक वेळ थांबणाऱ्यांच्या मानानें, अर्ध्या तासानंतर पण तासाच्या आंत ओढणाऱ्यांस हा धोका १.३१ पट, आणि अर्ध्या तासाच्या आंत ओढणाऱ्यांस १.७९ पट आढळला. ओढलेल्या सिगारेटींचा हिशेब जमेस धरूनही हा फरक राहिला. ज्याची तलफ तीव्र, तो झुरका अधिक खोल घेतो व धूर अधिक ओढतो, हें त्याचें संभाव्य कारण दिसतें. दहांवरून पांचांवर आलेला मनुष्य त्या पांचांतूनच पूर्वीचें निकोटीन वसूल करूं पाहतो. ‘सौम्य’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींनीं असेंच फसविलें. विडीचीही गोष्ट निराळी नाहीं.

यावरून दोन गोष्टी आम्ही आमच्या वाचकांस, विशेषतः गृहिणींस, सुचवूं इच्छितों. पहिली अशी कीं, शपथा घालणें व मुलांदेखत टोंचून बोलणें यांनीं मनुष्य सिगारेट सोडीत नाहीं, लपवून ओढूं लागतो. त्याऐवजीं पहिल्या सिगारेटची वेळ शांतपणें विचारावी. ती उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत असेल, तर हें व्यसन औषधोपचारास योग्य आहे असें समजून त्यास वैद्यकीय सल्ल्यास न्यावें. निकोटीनयुक्त चघळण्याच्या गोळ्या, त्वचेवरील पट्ट्या व इतर औषधें यांनीं तलफ सुसह्य होते. पहिले कांहीं दिवस फार कठीण जातात, पण तीन-चार आठवड्यांत बहुधा जोर ओसरतो. तेवढे दिवस त्याची चिडचीड घरानें सोसावी.

दुसरी गोष्ट ‘आतां या वयांत सोडून काय उपयोग?’ असें म्हणणाऱ्यांसाठीं. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केले. शेवटपर्यंत ओढणाऱ्यांचें आयुष्य सरासरीनें दहा वर्षांनीं घटलें. तिशींत सोडणाऱ्यांचीं तीं बहुतेक सारीं वर्षें वांचलीं, चाळिशींत सोडणाऱ्यांचीं नऊ, पन्नाशींत सहा, आणि साठीस सोडणाऱ्यांचींही तीन. साठी उलटलेल्या ज्या गृहस्थांस तीन वर्षें क्षुल्लक वाटत असतील, त्यांनीं तेवढ्या काळांत आपलें नातवंड रांगण्यापासून शाळेच्या उंबरठ्यापर्यंत येतें, हें ध्यानांत घ्यावें.