विहिरीत सोडलेला खडा



उन्हाळा लागला की मैंदर्गीच्या शिवारात एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, मोटर अजून किती खाली घ्यावी?" आपला अक्कलकोट तालुका कमी पावसाचा. विहिरीतले पाणी दिवसेंदिवस तळ गाठते. ते किती खाली गेले, याचा अंदाज साधा खडासुद्धा देतो.

काठाशी हात पुढे धरून खडा नुसता सोडा, फेकू नका. सुटताच घड्याळ चालू करा, 'डुबुक' ऐकू येताच बंद करा. असे पाच वेळा करून सरासरी घ्या. जितके सेकंद आले त्यांना त्याच आकड्याने गुणा आणि पुन्हा १६ ने गुणा. पाणी तितके फूट खाली. दीड सेकंद लागला तर दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, त्याची सोळापट ३६ फूट.

हे १६ आले कोठून? पृथ्वीच्या ओढीने पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ३२ फुटांनी, म्हणजे ९.८ मीटरने वाढतो. सुरुवात शून्यापासून, म्हणून पहिल्या सेकंदात सरासरीने १६ फूटच अंतर पडते. दोन सेकंदांत मात्र चौपट, ६४ फूट. खडा लहान असो की मोठा, फरक पडत नाही.

घरच्या दहावीच्या मुला-मुलींना उलटे गणित घाला. दोराने मोजलेली खोली ११ मीटर, वेळ दीड सेकंद. ११ ची दुप्पट २२, भागिले २.२५, उत्तर ९.७८. पुस्तकातला आकडा आपल्याच विहिरीत सापडला!

पण हा अंदाजच. घड्याळ बंद करायला सेकंदाचा पाचवा भाग उशीर झाला, तर ३६ चे ४६ फूट होतात. काठावरची मोटर व्यवहारात वीस-बावीस फुटांवरूनच पाणी ओढते. तेव्हा पाइप-मोटरीवर पैसा घालण्याआधी दोर सोडून मोजाच.

आता सर्वांत महत्त्वाचे. ३६ फूट पडलेला खडा खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५३ किलोमीटर असतो. गाळ काढायला माणूस उतरला असेल तर हा प्रयोग मुळीच नको. काठावरचे सुटे दगड, पहारी आधीच दूर करा. वरून तुमची हाक पोचेल, पण त्याला बाजूला सरकायला वेळ उरणार नाही.

बरे तर, पुढल्या अंकी भेटू.