चूक विद्यापीठाची, फेरपरीक्षा विद्यार्थ्याची

विद्यापीठांच्या निकालांविषयी संसदेत प्रश्न आला की मंत्रालयाचे उत्तर बहुधा ठरलेल्या साच्यातून येते. विद्यापीठे स्वायत्त आहेत, ती संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली आहेत, परीक्षा, निकाल आणि पुनर्मूल्यांकन हे त्यांच्या परिनियमांचे व अध्यादेशांचे विषय आहेत. सबब केंद्र सरकारचा त्यात थेट संबंध येत नाही. (दिल्लीत अध्यादेश म्हटले की राष्ट्रपतींची सही आठवते. विद्यापीठात मात्र नापास विद्यार्थ्याने पुन्हा कधी बसावे, हे ठरविणाऱ्या नियमालाही अध्यादेशच म्हणतात आणि संबंधित कुटुंबाच्या दृष्टीने त्याचा दरारा कमी नसतो.) मंत्रालयाच्या उत्तरात तांत्रिक खोट काढता येत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत हाच 'अंतर्गत' विषय राजभवनापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरून आला आणि २०२४ मध्ये संसदेला परीक्षांवर स्वतंत्र कायदा करावा लागला. या साऱ्या प्रवासात एक प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. विद्यार्थी चुकला तर त्याने काय करावे, याचे नियम तपशीलवार आहेत. परीक्षा घेणारी संस्था चुकली तर तिने विद्यार्थ्याचे काय देणे लागावे, याचे नियम जवळपास नाहीत.

प्रथम निकालपत्राविषयी. महाराष्ट्रात ज्याला एटीकेटी म्हणतात, म्हणजे काही विषय राहिले असतानाही पुढील वर्षात बसण्याची मुभा, त्याला तामिळनाडूत अरिअर म्हणतात, दिल्ली विद्यापीठात ईआर म्हणजे 'इसेन्शियल रिपीट', अन्यत्र बॅकलॉग. केंद्रीय शालेय मंडळाच्या ज्या परीक्षेला उत्तरेकडील घराघरांत 'कंपार्टमेंट' म्हणत, तिचे नाव २०२३ पासून पुरवणी परीक्षा झाले. बदलीच्या नोकरीत मुलाचे शिक्षण तीन राज्यांत विखुरलेल्या अधिकाऱ्याला हे शब्द एकाच अवस्थेचे आहेत हे ठाऊक असते. भरती करणाऱ्या कारकुनाला ते ठाऊक असतेच असे नाही.

त्यात श्रेणीपद्धतीची भर पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचविलेल्या दहा गुणांकांच्या मोजपट्टीत 'ओ' श्रेणीला दहा, 'ए प्लस'ला नऊ, 'ए'ला आठ, 'बी प्लस'ला सात, असे उतरत केवळ उत्तीर्ण झालेल्याला चार आणि 'एफ' म्हणजे अनुत्तीर्णाला शून्य गुणांक मिळतात. प्रत्येक विषयाचे गुणांक त्याच्या श्रेयांकांनी गुणून बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राचा सरासरी गुणांक निघतो. वीस श्रेयांकांच्या सत्रात सोळा श्रेयांकांना सातच्या हिशेबाने गुणांक मिळाले आणि चार श्रेयांकांचा एक विषय राहिला, तर सरासरी ५.६ भरते. तोच विषय पुढे काठावर सुटला तर ६.४ होते. यावरून विषय राहण्याची किंमत कळावी. या गुणांकाचे टक्के करण्याचे सूत्र मात्र विद्यापीठागणिक वेगळे आहे. दहावीच्या निकालासाठी केंद्रीय मंडळाने एके काळी दिलेले साडेनऊने गुणण्याचे सूत्र पदवीच्या गुणांकाला लावून अर्ज भरणारे अजूनही आढळतात, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तो आकडा जुळत नाही. विद्यापीठाचे स्वतःचे रूपांतरपत्र जोडणे हाच त्यावर खात्रीचा उपाय.

निकाल चुकीचा वाटला तर काय, हा खरा वादाचा प्रांत. आणि त्याचा एक महत्त्वाचा धडा महाराष्ट्रातच लिहिला गेला. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचा नियम होता की उत्तरपत्रिका पाहता येणार नाही आणि पुनर्मूल्यांकनही मागता येणार नाही; फार तर गुणांची फेरमोजणी होईल. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ खटल्यात तो पुन्हा वैध केला. नियम करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाच्या शहाणपणावर न्यायालयाने आपले शहाणपण लादू नये, ही त्यामागची भूमिका. पुढे तब्बल सत्तावीस वर्षे उत्तरपत्रिका ही संस्थेच्या कपाटातील गुप्त वस्तू राहिली. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय खटल्यात न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील 'माहिती' आहे असे म्हटले, आणि कपाटाला फट पडली. केंद्र सरकारच्या नियमांनुसार अर्जाचे दहा रुपये आणि प्रत पानाला दोन रुपये, एवढ्या खर्चात जे मिळू लागले त्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागत असे.

पाहता येणे आणि दुरुस्त करून घेता येणे यांत मात्र अंतर आहे. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ मधील खटल्यात न्यायालयाने असे मानले होते की आदर्श उत्तर उघडउघड चुकीचे असेल तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची शिक्षा होऊ नये. डिसेंबर २०१७ मधील रणविजय सिंह खटल्याच्या निकालपत्राचा झोका दुसऱ्या बाजूला आहे: नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकनाचा आदेश अपवादानेच द्यावा, आणि शंका असल्यास तिचा फायदा उमेदवाराला न देता परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला द्यावा. फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. परीक्षेत तो परीक्षकाला मिळतो. लक्षावधी उमेदवारांच्या निकालांना कधीतरी अंतिमता यावी लागते, हा न्यायालयाचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु अंतिमतेची ही किंमत एकाच बाजूने का मोजावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ही एकतर्फी व्यवस्था किती महाग पडते, हे २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबईत दिसले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन सर्व शाखांना एकाच हंगामात लागू केले. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांना पडद्यावर तपासायला द्यावयाच्या होत्या. पूर्वतयारी अपुरी होती आणि यंत्रणा कोलमडली. कुलपती या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही उलटली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. दिल्ली, बंगळुरू वा परदेशात प्रवेश ठरलेल्यांच्या हाती गुणपत्रिका नव्हती. काही उत्तरपत्रिका सापडेनात, तेव्हा सरासरी गुण देऊन निकाल लावण्याची वेळ आली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. राजकीय आणि प्रशासकीय अर्थाने जबाबदारी निश्चित झाली, आणि ही गोष्ट या देशात विरळा. विद्यार्थ्याला मात्र त्यातून काय मिळाले?

याचे उत्तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच, म्हणजे २०१६ च्या कायद्यातच, शोधावे लागते. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत तो जाहीर करावा, असे हा कायदा सांगतो. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द वाचून धीर येतो, तो पुढील ओळींत ओसरतो. मुदत पाळता आली नाही तर विद्यापीठाने कारणांचा तपशीलवार अहवाल कुलपतींना आणि राज्य सरकारला पाठवावयाचा. वेळापत्रक पाळले नाही एवढ्याच कारणाने परीक्षा वा निकाल अवैध ठरणार नाही, अशीही सोय आहे. ही सोय विद्यार्थ्याच्याही हिताची आहे हे खरे. निकालच रद्द झाला तर तो अधिकच बुडेल. तरीही तुलना करावीशी वाटते. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख हुकलेल्या विद्यार्थ्याला विलंब शुल्क पडते आणि त्यानंतर खिडकी बंद होते. पंचेचाळीसाव्या दिवसाची तारीख हुकलेल्या विद्यापीठाला एक अहवाल लिहावा लागतो.

परीक्षेचे नियम कोणी करावयाचे, हा वाद खऱ्या अर्थाने राजकीय झाला तो २०२० मध्ये. करोनाच्या पहिल्या लाटेत महाराष्ट्रातील महाविकास आघाडी सरकारने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन अंतिम वर्षाची परीक्षा न घेता सरासरीवर निकाल लावण्याचे ठरविले. कुलपती असलेले राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा त्याला विरोध होता. ६ जुलै रोजी अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याव्याच, असे सुधारित मार्गदर्शन केले आणि युवासेना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्टच्या निकालात न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने मधला मार्ग काढला: परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार राज्याला आहे, त्यासाठी आयोगाकडे मुदतवाढ मागावी, परीक्षेविना पदवी देण्याचा अधिकार राज्याला नाही. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले असले, तरी उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे संघसूचीतील ६६ व्या नोंदीने केंद्राकडे आहे, हे त्यामागील घटनात्मक सूत्र. तामिळनाडूत त्याच महिन्यात मुख्यमंत्री पळनीस्वामी यांनी शुल्क भरलेल्या सर्व अरिअरधारकांना उत्तीर्ण करण्याची घोषणा केली. विधानसभेची निवडणूक पुढच्या वर्षी होती, त्यामुळे या औदार्याचे मूळ शोधावे लागत नाही. परीक्षेविना उत्तीर्णता मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही.

दोन्ही राज्यांत भांडण झाले ते केंद्र, राज्य, राज्यपाल आणि आयोग यांच्यात. ज्याचा एखादा विषय मागील सत्राचा राहिला होता, त्याची सरासरी कशाची काढणार, हा एटीकेटीवाल्याचा साधा प्रश्न त्या गदारोळात शेवटी विचारला गेला.

संपूर्ण परीक्षाच पुन्हा घेण्याचे निकषही असेच प्रसंगानुरूप घडत गेले आहेत. ते समजण्यासाठी विद्यापीठाच्या कक्षेबाहेर, राष्ट्रीय परीक्षांकडे पाहावे लागते. २०१५ मध्ये वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेत गैरमार्गाचा लाभ घेतलेले ४४ उमेदवार सापडले आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची परीक्षा रद्द केली. २०२४ च्या 'नीट'मध्ये हजारीबाग आणि पाटण्यात प्रश्नपत्रिका फुटल्याचे न्यायालयाने मान्य केले, परंतु दोष संपूर्ण व्यवस्थेत पसरल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षेला नकार दिला. वाढीव गुण दिलेल्या १५६३ जणांपुरतीच ती झाली आणि त्यांतले ८१३ जण बसले. दोन्ही निकालांना आपापले तर्क आहेत. पण जून २०२४ ची 'नेट' मात्र मंत्रालयाने परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःच रद्द केली. नऊ लाखांवर उमेदवारांना पुन्हा बसावे लागले. ज्या छायाचित्रावरून ती रद्द झाली ते बनावट होते, असे पुढे सीबीआयच्या तपासात निष्पन्न झाले.

त्याच जून महिन्याच्या २१ तारखेला सार्वजनिक परीक्षा (अनुचित साधनांना प्रतिबंध) कायदा अमलात आला. फेब्रुवारीत तो दोन्ही सभागृहांत तीन दिवसांच्या अंतराने संमत झाला होता. तीन ते पाच वर्षे कैद, संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटीचा दंड, अशा त्याच्या शिक्षा कडक आहेत. उमेदवाराला त्याने आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर ठेवले, हेही शहाणपणाचे. परंतु लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे, बँक भरती, राष्ट्रीय परीक्षा संस्था आणि केंद्रीय खाती यांच्याच परीक्षा त्यात येतात. विद्यापीठांच्या पदवी परीक्षा येत नाहीत. (महाराष्ट्राने विद्यापीठ व मंडळ परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ मध्येच कायदा केला होता, याची आठवण चर्चेत फारशी कोणाला झाली नाही.) अधिक बोलकी आहे ती खर्चाची तरतूद. दोषी ठरलेल्या सेवा पुरवठादार कंपनीकडून परीक्षेचा प्रमाणशीर खर्च वसूल करावयाचा आहे. तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा खर्च. धुळ्याहून पुण्याच्या केंद्रावर दोनदा गेलेल्या उमेदवाराच्या भाड्याचा, बुडालेल्या रजेचा वा हुकलेल्या वर्षाचा त्यात उल्लेख नाही.

विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आजमितीस एक दार आहे, ते म्हणजे अनुदान आयोगाचे २०२३ चे तक्रार निवारण विनियम. वेळापत्रकापलीकडे लांबलेला निकाल ही त्यांत रीतसर तक्रार मानली आहे. आधी संस्थेची समिती, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा. समाधान न झाल्यास विद्यापीठाचा लोकपाल, त्याने तीस दिवसांत निकाल द्यावयाचा. निव्वळ गुण कमी पडले म्हणून लोकपाल उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला लावू शकत नाही; निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता वा भेदभाव दाखवावा लागतो. मात्र विलंबाबद्दल भरपाई किती, शुल्क परत मिळेल काय, पुढील प्रवेश तात्पुरता राखला जाईल काय, हे विनियमांनी ठरवून दिलेले नाही. ते ठरवायला नवा कायदा लागत नाही. आयोगाच्या विद्यमान अधिकारात दुरुस्ती करता येईल. त्याआधी लोकपाल तरी नेमलेला असावा लागतो. विनियम होऊन नऊ महिने लोटल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, आयोगाने लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी जाहीर केली. तीत चारशेहून अधिक नावे होती.