पोथी, बोंडअळी आणि डार्विन

कपाशीवर डोमकळी दिसू लागली, की जाणत्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पाकळ्या न उमलता मिटूनच राहिलेल्या त्या फुलात गुलाबी बोंडअळी बसलेली असते. पुढच्या पिढीची इवलीशी अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र भरून येते आणि बाहेरून धड दिसणाऱ्या बोंडातून वेचणीच्या वेळी कवडी कापूस निघतो. २०१७ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात मोठ्या क्षेत्रावर हेच घडले. तेही बीटी वाणांवर, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार व्हावे म्हणून ज्यांत खास जनुक घातले होते त्याच वाणांवर. तेव्हा कुणी बोगस बियाण्याला दोष दिला, कुणी कंपन्यांना, कुणी हवामानाला. या तक्रारींत तथ्य नव्हते असे नाही. पण गाभ्याची घटना उत्क्रांतीची होती आणि ती एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडली.

बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. असंख्य अळ्यांत एखादी अशी निघते, की तिच्यावर हे प्रथिन चालत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढे तिचीच संतती वाढत जाते. गुजरातमध्ये अमरेलीसह चार जिल्ह्यांत २००९ च्या हंगामात अशी प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळी आढळली. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही तिने पुढे दाद दिली नाही. हे होऊ शकते, याचा अंदाज शास्त्रज्ञांना आधीपासून होता. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी देण्याची पद्धत ठेवली गेली. ते बियाणे शेताच्या कडेने लावायचे आणि त्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या. त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर झाला, की होणारी संतती बहुतांशी पुन्हा बीटीला बळी पडते. अळीला मारण्यासाठी काही अळ्या मुद्दाम जगवायच्या, असा हा उलटा वाटणारा पण नेमका हिशेब आहे.

ती पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. एकेका शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात नवल नाही. कडेच्या ओळी अळीला खाऊ घालायच्या त्या त्याने आणि लाभ व्हायचा साऱ्या शिवाराला. शिवाय ज्यांच्याकडे ओलीत होते त्यांनी हंगाम संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेतली आणि एरवी उपाशी राहिली असती त्या काळातही अळीचे पोट भरले. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभऱ्यासारख्या पिकांवरही जगते, त्यामुळे तिला बीटीबाहेरचा आश्रय आयताच मिळाला आणि तिच्यावरचा निवडीचा दाब सौम्य राहिला. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. एकाच वाणाखाली दोन अळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याचे मोठे कारण हे. या एका प्रश्नात कीटकशास्त्र, जनुकशास्त्र, अर्थशास्त्र आणि गावाने मिळून नियम पाळण्याचे समाजशास्त्र एकत्र येते. कोणत्याही एका विभागाला तो एकट्याने सुटणारा नाही.

चार्ल्स डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या नैसर्गिक निवडीच्या विचाराचा सांगाडा तीन अटींचा आहे. घटकाघटकांत फरक असले पाहिजेत, ते फरक पुढच्या पिढीत उतरले पाहिजेत आणि त्यांच्यामुळे टिकण्याची किंवा वाढण्याची शक्यता कमी-जास्त झाली पाहिजे. एवढे जमले की निवड घडते. तिला हेतू लागत नाही आणि दिशाही लागत नाही. हे घटक प्राणी किंवा वनस्पतीच असावेत, अशी अट या सांगाड्यात कुठेही नाही. त्यामुळे भाषा, हस्तलिखिते, रोगजंतू, कर्करोगाच्या पेशी, उद्योगसंस्था, संगणकाचे प्रोग्राम अशा कितीतरी विषयांचे अभ्यासक उत्क्रांतीचा विचार वापरू लागले. तो वापरताना तीन प्रश्नांची उत्तरे मात्र द्यावीच लागतात. इथे नक्कल कशाची होते? फरक कुठून येतात? निवड कशाने होते? ही उत्तरे असतील तिथे विचार फळतो. नसतील तिथे उत्क्रांती हा नुसता अलंकार उरतो.

मानव्यविद्येतला एक दाखला पुण्यातलाच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण केले आणि १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर इतर विद्वानांनी १९६६ पर्यंत ते तडीस नेले. देशभरातून शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. नकलणारा माणूस चुकतो, गाळतो, भर घालतो. त्याची नक्कल करणारा ती चूकही उतरवून घेतो. त्यामुळे दोन पोथ्यांत मूळ पाठ सारखा असला, तर त्यावरून त्यांचे जवळचे नाते ठरत नाही. एकच विचित्र चूक दोघींत असेल, तर मात्र दोघी एकाच पूर्वज पोथीवरून आल्या असण्याची शक्यता बळावते. जीवशास्त्रात प्रजातींची वंशावळ मांडतानाही हाच न्याय लागतो. प्राचीन, सर्वांना समान असलेले लक्षण नाते सांगत नाही. नंतर उपजलेले आणि काहींनाच वाटून मिळालेले लक्षण ते सांगते.

या पद्धतीचे परिणाम सामान्य वाचकालाही चटकन कळतील असे आहेत. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा घराघरात ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीत ती मुख्य संहितेत नाही. परिशिष्टात गेली आहे, कारण स्वतंत्र शाखांच्या पोथ्यांचा एकमुखी आधार तिला मिळाला नाही. श्रद्धेचा अवमान करण्याचा इथे प्रश्न नव्हता. संहितेत कोणता भाग कधी आणि कुठल्या शाखेत शिरला, हे पुराव्याने दाखवणे एवढेच काम होते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पोथ्यांची आणि भाषांची वंशावळ मांडण्याची कल्पना डार्विनकडून उसनी घेतलेली नाही. विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या समान उगमाची कल्पना १७८६ मध्ये कोलकात्यात मांडली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ श्लायखर यांनी भाषांचा वृक्ष डार्विनच्या ग्रंथाआधी काही वर्षे काढला होता. खुद्द डार्विनने १८७१ च्या ग्रंथात भाषा आणि प्रजाती यांच्यातल्या साम्याची दखल घेतली. आणि जगण्यासाठीच्या झगड्याची कल्पना त्याला १८३८ मध्ये माल्थस या अर्थचिंतकाच्या लोकसंख्येवरील निबंधातून सुचली होती. ज्ञानशाखांमधली ही देवाणघेवाण पहिल्यापासून दुतर्फा आहे. जीवशास्त्राने इतरांवर स्वारी केली, असे समजण्याचे कारण नाही.

वृक्षाचे चित्र कुठे अपुरे पडते, तेही पोथ्यांनीच दाखवून दिले. लेखकू पुष्कळदा एकाच पोथीवरून नक्कल करीत नसे. शेजारच्या मठातली दुसरी पोथी आणून तिच्यातले श्लोकही घालून घेई. मग फांद्या एकमेकींत गुंततात. सुकथनकरांना या सरमिसळीची पूर्ण जाणीव होती. महाभारताच्या पोथ्यांना सरधोपट वंशवृक्ष लावता येत नाही, हे त्यांनी ओळखले आणि एकमेकींपासून दूरच्या शाखांत जे जुळते त्याला वजन दिले. जिवाणूंच्या जगातही हीच अडचण आहे. प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक जिवाणू आपल्या संततीला देतोच, पण शेजारच्या वेगळ्याच जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने पेनिसिलिन वापरण्याचा धोका सांगितला होता. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणारा दुकानदार, ती घेणारा रुग्ण आणि कोंबड्यांच्या खाद्यात ती मिसळणारा व्यावसायिक हे सगळेच निवडीचा दाब वाढवत असतात.

जनुके आणि पोथ्या या दोन्हींत गती असलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र प्रसिद्ध झाले. जनुकशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. १९४८ मध्ये त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखिते ताडून काढली. आज असा अभ्यासक निघाला, तर त्याने कोणत्या विभागात अर्ज करावा, हा पहिला प्रश्न पडेल.

मानवशास्त्रातला सिकलसेलचा अभ्यासही असाच आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आरोग्य यंत्रणेला हा रक्तदोष परिचयाचा आहे. इतके घातक जनुक टिकले कसे? जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९४९ मध्ये अशा रक्तदोषांचा संबंध हिवतापाशी असावा, असे सुचवले. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवले, की या जनुकाची एकच प्रत असलेल्यांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. १९५८ मध्ये मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी पुढची कडी जोडली. पश्चिम आफ्रिकेत शेतीसाठी जंगल तोडले गेले, उन्हात साचलेल्या पाण्यात डास वाढले, हिवताप पसरला आणि त्यातून हे जनुक वाढले. माणसाच्या शेतीने माणसाच्याच रक्तातली निवड बदलली. अंदाज, पाहणी आणि कारणांची साखळी या तिन्ही गोष्टी इथे आहेत.

जिथे हे काही नव्हते, तिथे काय झाले याचा इतिहास काळा आहे. सर्वाधिक लायक तोच टिकतो, हे सूत्र डार्विनचे नव्हे. ते हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये वापरले आणि पुढे गरिबी, वंशभेद व साम्राज्य यांच्या समर्थनासाठी ते राबवले गेले. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. त्याच विचाराच्या आधारे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांवर ती लादली गेली. जर्मनीत पुढे जे झाले ते जगाला माहीत आहे. कोसंबींचे १९४४ चे सूत्र ज्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापले गेले, त्याच्या नावातही ‘युजेनिक्स’ होते. ते नाव १९५४ मध्ये बदलले गेले. जे टिकले ते चांगले आणि जे मागे पडले ते नालायक, हा निष्कर्ष उत्क्रांती काढत नाही. काय घडते यावरून काय घडावे हे ठरवणारा माणूस तो काढतो.

सौम्य रूपातली चूक आजही होते. ईर्षा, खरेदीची हौस, स्त्री-पुरुषांचे वागणे, सगळ्याला अश्मयुगातले कारण चिकटवून देणारी पुस्तके भरपूर खपतात. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७९ मध्येच बजावले होते, की प्रत्येक लक्षण निवडीनेच आले असे गृहीत धरून रचलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. अर्थशास्त्रात नेल्सन आणि विंटर यांनी १९८२ मध्ये कंपन्यांच्या ठरलेल्या कार्यपद्धतींना जनुकांच्या जागी कल्पून गंभीर मांडणी केली. पण कंपनी ठरवून बदलू शकते, प्रतिस्पर्ध्याचे पाहून शिकू शकते. अळीला ते जमत नाही. हा भेद मांडणीत सांभाळला, तरच उपमेला शास्त्राचे मोल येते.

एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रक काढून विरोध नोंदवला. हा भाग बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हा खुलासा अपुरा होता, कारण बहुसंख्य मुले बारावीला जीवशास्त्र घेत नाहीत. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. हे स्वागतार्ह असले, तरी धडा असणे पुरेसे नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात डेव्हिड स्लोन विल्सन यांनी सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी उत्क्रांतीचा अभ्यासक्रम चालवला. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती ओलांडण्याची भाषा आहे. ती खरी करायची असेल, तर महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी असा एक सामाईक अभ्यासक्रम आखावा. कृषीच्या विद्यार्थ्याने त्यात बोंडअळी शिकावी, वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रतिजैविके, भाषेच्या विद्यार्थ्याने पाठचिकित्सा, आणि सुप्रजननाचा इतिहास सर्वांनीच शिकावा. परीक्षेत व्याख्या विचारू नये. समोर ठेवलेल्या दाव्यात नक्कल, फरक आणि निवड दाखवता येते का, एवढेच विचारावे.