ओम शांती, जय भीम आणि ताईंचा डबा

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका वृद्ध उपासकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भन्तेजींचे प्रवचन झाले, पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पंगतीच्या टोकाला पांढरी साडी नेसलेल्या एक ताई बसल्या होत्या. वाढायला आलेल्या मुलाला त्यांनी हात आडवा केला आणि पिशवीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढला. "मला नको बाळा, माझं पथ्य आहे," त्या हळूच म्हणाल्या.

समोरच्या ओळीत बसलेल्या आजींनी ते पाहिले. आजींचे वय ऐंशीच्या पुढचे. जन्म मराठवाड्यातल्या खेड्यातला. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या हातचं पाणी नको म्हणणारी माणसं गावाला सोडून आले मी. आता आपलीच लेक आपल्या ताटाला हात लावीना?"

पंगत गप्प झाली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "आजी, तसं नाही हो," एवढेच बोलून त्यांनी डबा मिटला आणि त्या उठून गेल्या.

ताई चार वर्षांपासून प्रजापिता ब्रह्माकुमारी ईश्वरीय विश्वविद्यालयाच्या केंद्रात जातात. त्यांचा आम्हाला आदर आहे. नवऱ्याच्या दारूपायी त्यांनी काय सोसले ते सगळ्या चाळीने पाहिले आहे. बाईचा आवाज पूर्वी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. आता त्या शांत बोलतात, पहाटे चारला उठतात, मुलांना मारत नाहीत. हे बदल खरे आहेत. म्हणून चाळीत जी कुजबुज सुरू झाली, "ती बाटली", "ती बामण झाली", ती आम्हाला पटली नाही. न पाहता बोलणे ही आपली रीत नव्हे. आम्ही आणि आमच्या आयुष्मती दोघेही रीतसर सात दिवसांच्या वर्गाला जाऊन बसलो.

प्रथम हे सांगतो की फी कोणी मागितली नाही, जात कोणी विचारली नाही. शिकवणाऱ्या बहिणी विनयाने बोलत होत्या. 'राजयोग' हे नाव ऐकून आमच्या आयुष्मतींना आसने करावी लागतील अशी धास्ती होती. तसे काही नाही. आसन नाही, प्राणायाम नाही, मंत्रही नाही. खोलीत मंद लाल प्रकाश असतो, समोर ज्योतिबिंदूचे चित्र असते आणि डोळे उघडे ठेवूनच बसायचे. मी म्हणजे हे शरीर नव्हे, मी भुवयांच्या मध्ये बसलेला प्रकाशाचा बिंदू आहे, मी आत्मा आहे, असे मनात आणायचे. तसाच एक बिंदू म्हणजे परमात्मा शिव. तो सर्वव्यापी नसून परमधामात राहतो, त्याची आठवण करायची. आठवण हाच योग. पतंजलीच्या योगाशी याचा संबंध नावापुरता.

दिवसभर कामाने पिचलेल्या बाईला वीस मिनिटे कोणी शांत बसू दिले, तर तिला बरे वाटणारच. यात गूढ काही नाही आणि हसण्यासारखेही काही नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू याही मुलाच्या मृत्यूनंतर या संस्थेकडे वळल्या, हे सर्वश्रुत आहे. दुःख माणसाला कुठेतरी नेतेच.

संस्थेचा इतिहास वाचला तेव्हा आम्ही थक्क झालो. सिंधमधील हैदराबादचे हिऱ्यांचे व्यापारी लेखराज कृपलानी यांनी १९३६-३७ च्या सुमारास 'ओम मंडळी' सुरू केली. भोवती जमल्या त्या बहुतेक भाईबंद व्यापारी घरांतल्या स्त्रिया. त्यांचे नवरे धंद्यासाठी वर्षानुवर्षे परदेशी, आणि बायका घरात कोंडलेल्या. लेखराजांनी आपली मालमत्ता आणि मंडळीचा कारभार तरुण स्त्रियांच्या समितीच्या हाती दिला. या बायका ब्रह्मचर्य पाळू लागल्या, नवऱ्याला नाही म्हणू लागल्या. मग काय विचारता! १९३८ मध्ये घरोघरच्या पुरुषांनी विरोधी समिती काढली, दाराशी धरणे धरले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मंडळी कराचीला गेली आणि फाळणीनंतर १९५० मध्ये राजस्थानात माउंट अबूला आली. १९६९ मध्ये लेखराज वारले. तेव्हापासून स्त्रियाच प्रमुखपदी आहेत. दादी प्रकाशमणी २००७ पर्यंत होत्या, नंतर दादी जानकी. त्या २०२० मध्ये १०४ व्या वर्षी गेल्या. संस्थेची केंद्रे आज शंभराहून अधिक देशांत आहेत असे ती सांगते.

आपल्या किती संस्थांच्या, किती विहार समित्यांच्या अध्यक्ष बायका आहेत? आमच्या आयुष्मतींनी हा प्रश्न घरी येताना बसमध्ये विचारला. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पण चौथ्या दिवसापासून भिंतीवरची चित्रे सुरू झाली, आणि तिथे आमची मान हलायची थांबली.

पहिले चित्र कालचक्राचे. सत्य, त्रेता, द्वापर, कली ही चार युगे प्रत्येकी १२५० वर्षांची, एकूण ५००० वर्षे. कलियुगाच्या शेवटी छोटे संगमयुग, तेच सध्या चालू आहे. मग विनाश, आणि पुन्हा सत्ययुग, आरंभी नऊ लाख लोकसंख्येचे, लक्ष्मी-नारायणाच्या राज्याचे. देवी-देवता आत्म्यांना या फेऱ्यात जास्तीत जास्त ८४ जन्म: सत्ययुगात ८, त्रेतात १२, द्वापरात २१, कलियुगात ४२ आणि संगमावर १. आम्ही पडलो बी.कॉम., आकडे दिसले की बेरीज करून पाहतो. बेरीज बरोबर आहे. खाते मात्र जुळत नाही. लेखराज ज्या सिंधचे, त्याच सिंधमध्ये मोहेंजोदडो आहे. १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी तिथे खोदकाम केले ते मुळात टेकाडावरच्या बौद्ध स्तूपाच्या ओढीने, आणि खाली निघाले साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर. विटांची गटारे, विहिरी, वजने-मापे. या चित्राप्रमाणे तो काळ सत्ययुगाचा. सोन्याचे महाल कुठे गेले? त्याही आधीची, सात हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती बलुचिस्तानात मेहरगढला सापडली आहे. ती तर चक्रात मावतच नाही.

दुसरे चित्र झाडाचे. बुंधा म्हणजे आदि सनातन देवी-देवता धर्म, आणि फांद्या म्हणजे इब्राहिमचा, बुद्धाचा, ख्रिस्ताचा धर्म. तथागतांची फांदी सुमारे २२५० वर्षांपूर्वी फुटलेली दाखवतात. वाचकहो, महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाली म्हणून सगळ्या देशाने १९५६ मध्ये बुद्ध जयंती महोत्सव साजरा केला आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. २२५० वर्षांपूर्वीचा काळ सम्राट अशोकाचा! बरे, तारखेची चूक एक वेळ सोडून देऊ. पण फांदीवरचे आत्मे सत्ययुगात येत नाहीत. मग केंद्रात येणारा बौद्ध कोण? तर तो मूळचा देवी-देवता धर्माचाच, भरकटून दुसऱ्या फांदीवर गेलेला, आता घरी परतणारा. हे गोड आवाजात सांगितले जाते, पण अर्थ समजून घ्या. आपल्या वडिलांनी नागपूरला जे केले ते या हिशेबात भरकटणे ठरते.

तिसरे चित्र विराट रूपाचे. एक पुरुष उभा आहे. शेंडीच्या जागी ब्राह्मण, मस्तकात देवता, बाहूंत क्षत्रिय, पोटात वैश्य आणि पायांत शूद्र. ज्ञान घेतलेली व्यक्ती 'ब्रह्मामुखवंशावली ब्राह्मण'. ज्ञान न घेतलेले कलियुगी जग शूद्र. शूद्राचे ब्राह्मण व्हायचे, ब्राह्मणाचे देवता. हीच भाषा त्यांच्या रोजच्या 'मुरली'त असते.

ताई वर्गाला आमच्याबरोबर येत होत्या. त्यांना आम्ही म्हटले, "ताई, पायात कोण बसलंय पाहिलंत?"

ताई हुशार. त्या म्हणाल्या, "दादा, इथं जन्मानं कुणी ब्राह्मण नाही. तुम्ही-आम्ही सगळे होऊ शकतो. आणि धम्मपदात नाही का ब्राह्मणवग्ग? बुद्धांनीही चांगल्या माणसाला ब्राह्मणच म्हटलं."

उत्तर आम्हाला लगेच सुचले नाही, हे कबूल करतो. घरी येऊन दीघनिकायातले अग्गञ्ञ सुत्त काढले. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोन तरुण भिक्षू होण्यासाठी राहिले होते. त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देत, की आपण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले आणि तुम्ही पायांतून जन्मलेल्या मुंडक्यांत जाऊन बसलात. तथागतांनी यावर तत्त्वज्ञान सांगितले नाही. ब्राह्मणांच्या बायका ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे सगळ्यांना दिसते, आणि आईच्या पोटी जन्मलेली हीच माणसे मुखातून जन्मल्याचे सांगतात, असे ते म्हणाले. धम्मपदात ब्राह्मण शब्द आहे, पण तिथे शेंडी नाही आणि पायही नाहीत. शब्द घेतला आणि पुरुषाचे चित्र फाडून टाकले. केंद्रातल्या भिंतीवर ते चित्र शाबूत आहे, फक्त शेंडीवर जाण्याची सोय केली आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला तो या पुरुषाचीच झडती घेण्यासाठी.

आम्हाला सगळ्यात जास्त बोचले ते मात्र चित्रात नव्हते. दर ५००० वर्षांनी सृष्टीचे नाटक जसेच्या तसे, तिळमात्र फरक न होता पुन्हा घडते आणि ते कल्याणकारी आहे, अशी शिकवण आहे. ताईंना याचा आधार वाटतो. जे झाले ते नाटकात होतेच, मग कुढायचे कशाला? नवऱ्याचा मार विसरायला हे औषध चालत असेल. पण हेच वाक्य घेऊन २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीत उभे राहून पाहा. ते आधीही घडले होते, पुढेही असेच घडणार, आणि त्यात कल्याण आहे? १९२७ मध्ये चवदार तळ्यावर ओंजळ भरली ती तरी कशासाठी, पुन्हा ५००० वर्षांनी तळे बंद व्हावे म्हणून? हे झाले की ते होते, ते थांबवले की हे थांबते, असे तथागत सांगतात. कारण आहे म्हणून उपाय आहे. दुःख नाटकात लिहिलेले असेल तर अष्टांगिक मार्गाला काही कामच उरत नाही.

आत्म्याचे आणि परमात्म्याचे तर बोलायलाच नको. बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना नाकारण्यापासून होते, अवतारही पुढे नाकारला आहे. ताईंच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी ज्योतिबिंदू आहे. त्या "बाबांनी सांगितलंय" म्हणतात तेव्हा धाकटा मुलगा विचारतो, "कुठल्या बाबांनी?" मुलाने बरोबर विचारले.

आता डब्याचे. मांस, मद्य, कांदा, लसूण वर्ज्य, आणि अन्न परमात्म्याच्या आठवणीत राहणाऱ्याने शिजवलेले असावे, असा नियम आहे. शिजवणाऱ्याचे मन अन्नात उतरते, असे कारण देतात. नियम सगळ्यांना सारखा, त्यात जात नाही, हे ताईंचे म्हणणे खरे आहे. पण आजींच्या अंगावर जी आठवण आहे तिला पथ्याचा डबा आणि विटाळाचा डबा यांतला फरक कसा कळावा? आमच्या आयुष्मतींनी ताईंना एवढेच सांगितले, "कांदा-लसणाचं राहू द्या. आजींच्या हातची साखर घ्या." ताई गेल्या. चिमूटभर साखर खाल्ली. दोघी किती वेळ बसल्या होत्या, काय बोलल्या, ते आम्ही विचारले नाही.

ताईंनी केंद्र सोडलेले नाही. आम्ही सोडा असे म्हटलेलेही नाही. वासेट्ठांना तथागतांनी प्रश्न विचारले होते, दम दिला नव्हता. परवा जिन्यात ताई भेटल्या. म्हणाल्या, "दादा, तुमची आनापान म्हणजे श्वासावर बसतात ती. मी करून बघीन. पण पहाटे पाचला विहार उघडा असतो का?"

आमचा विहार पौर्णिमेला आणि १४ एप्रिलला उघडतो. एरवी मंडपाचे बांबू आणि खुर्च्या ठेवायला. चावी अध्यक्षांकडे असते, आणि अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीला राहायला गेले.

आम्ही रविवारी डोंबिवलीला जाऊन चावी आणली. नाक्यावरच्या चावीवाल्याकडे तीन नकला करायला टाकल्या आहेत. एक ताईंकडे राहील. शुक्रवारी मिळतील म्हणाला.