समुद्राचे शेवाळ आणि डोंगराचा हिरडा

दातांच्या दुखण्याला मोठ्या आजारांच्या पंक्तीत कधी मानाचे पान मिळाले नाही. त्याने माणूस सहसा दगावत नाही, त्याच्या साथी येत नाहीत आणि त्यावरून सभागृहे तहकूब होत नाहीत. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक कोणत्या ना कोणत्या मुखरोगाने ग्रस्त आहेत. माणसाच्या इतक्या सार्वत्रिक व्याधीकडे समाजाने आणि शासनाने इतक्या सहजपणे पाठ फिरवावी, हे आश्चर्य होय. या पार्श्वभूमीवर समुद्रातील शेवाळापासून मिळणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांनी तोंडातील घातक जंतूंना आवर घालता येईल काय, याचा शोध निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा घेत आहेत, ही वार्ता विचार करण्याजोगी आहे.

या शोधामागील तर्क साधा व सुंदर आहे. समुद्राच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि जी वस्तू त्यात स्थिर राहील तिच्यावर ते थर धरतात. खडकाला चिकटून राहणाऱ्या शेवाळाला जगायचे तर आपला पृष्ठभाग या थरापासून मोकळा ठेवावाच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया नावाचे लाल शेवाळ हे काम कसे साधते, याचा उलगडा तेथील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात केला. ते जंतूंना मारीत बसत नाही. जंतू एकमेकांना जे रासायनिक संकेत देतात त्यांतच ते व्यत्यय आणते आणि त्यांचा जमाव होऊ देत नाही. तपकिरी शेवाळांत फ्लोरोटॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. हिरड्या पोखरणाऱ्या व दात किडविणाऱ्या काही जंतूंची वाढ या द्रव्यांमुळे रोखली जाते, असे परीक्षानळीतील प्रयोगांत दिसून आले आहे. दात तरी काय, जंतूंनी भरलेल्या ओलाव्यात सदैव उभा असलेला एक खडकच नव्हे काय?

वस्तुतः जंतुशास्त्राची आणि शेवाळाची सोयरीक जुनी आहे. हॉलंडमधील लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली आपल्याच दातांवरचे किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तेथे वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन लिहून लंडनला धाडले. पुढे जंतू वाढविण्यासाठी उन्हाळ्यात न वितळणारा थर हवा होता. तेव्हा लाल शेवाळापासून निघणारे आगर वापरण्याची युक्ती जर्मनीतील फॅनी हेस या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातील अनुभवावरून १८८१ च्या सुमारास सुचविली. आज दंतवैद्य कवळीसाठी तोंडाचा साचा घेतो तोही बहुधा तपकिरी शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचाच. तेव्हा शेवाळ आपल्या तोंडात यापूर्वीच शिरलेले आहे. प्रश्न आहे तो औषध म्हणून त्याला प्रवेश द्यावा की नाही, एवढाच.

येथे उतावीळपणा उपयोगाचा नाही. परीक्षानळीत जंतू मरणे वेगळे आणि माणसाच्या तोंडात ते हटणे वेगळे. तोंडात लाळ क्षणोक्षणी औषध धुऊन नेते, आणि दातांवरील चिकट थरात दडलेले जंतू सुट्या जंतूंहून कितीतरी चिवट असतात. शिवाय मुखात सुमारे ७०० प्रकारचे जंतू आढळतात आणि त्यांतील पुष्कळसे निरुपद्रवी, काही तर उपकारकही असतात. सरसकट संहार हा उपाय नव्हे. रुग्णालयांत वापरले जाणारे क्लोरहेक्सिडिन हे गुळण्यांचे औषध प्रभावी खरे, पण ते दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. म्हणूनच घातक तेवढे आवरणारे आणि उरलेल्यांना राहू देणारे द्रव्य शास्त्रज्ञांना हवे आहे.

आता कोणी विचारील, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या राजूरच्या माणसाला या शेवाळाचे काय? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे गाव आदिवासी मुलखाचे ठाणे आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. भोवतालच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वेचीत आली आहेत. कोवळी फळे वाळवून केलेला बाळहिरडा हा त्यांच्या उन्हाळ्याचा आधार. या हिरड्याचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो ते रसायनदृष्ट्या शेवाळातील फ्लोरोटॅनिनचे दूरचे नातेवाईकच होय. आयुर्वेदाने हिरड्याला त्रिफळ्यात स्थान दिले, दंतमंजनातही दिले. त्रिफळ्याच्या गुळण्यांचे प्रयोग आपल्या देशातील दंतवैद्यांनी शाळकरी मुलांवरही केले असून त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. म्हणजे जे धन जग समुद्रतळाशी धुंडाळीत आहे, त्याच्या जातीचे एक धन आपल्या डोंगरावर झाडाला लटकलेले आहे. ते वेचणारा मात्र ते पोत्यात भरून देतो. त्याचा भाव ठरविणारा दुसराच असतो आणि त्यापासून औषध करणारा तर कोठे दूर शहरात असतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती प्रवरेच्या पाण्याइतकी स्पष्ट आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी डोंगरातून खाली गेले आणि त्यावर उसाचे मळे फुलले. त्याच प्रवराकाठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या इतिहासाचा अभिमान कोणालाही वाटावा. परंतु पाणी खाली गेले तशी साखर वर आली. बिस्किटांच्या पुड्यांतून, गोळ्यांतून, थंड पेयांतून ती वाडीवस्तीवर पोचली. साखर मिळाली की स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतो आणि त्या आम्लात दाताचे कवच विरघळू लागते. सणासुदीला राजूरचा पेढा खाण्याने दात किडत नाहीत. दिवसातून दहा वेळा तोंडात गोड घोळविण्याने किडतात. नाचणी-वरईवर वाढलेल्या पिढीचे दात आणि पुड्यातल्या खाऊवर वाढणाऱ्या पिढीचे दात सारखे राहणार नाहीत, हे ओळखायला प्रयोगशाळा नको.

दुसरे संकट मिसरीचे. तंबाखू भाजून, कुटून केलेली ही काळी पूड महाराष्ट्रातील हजारो स्त्रिया सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात धरतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली; पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीला कोणता कायदा अडविणार? ‘नैसर्गिक’ या शब्दाची मोहिनी किती फसवी असते याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही. तंबाखूही निसर्गानेच दिली आहे, आणि मुखाच्या कर्करोगाचे ती एक प्रमुख कारण आहे. शेवाळ असो वा हिरडा, निसर्गाचे नाव हे त्याच्या गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र मिळावयाचे ते कसोटीवर उतरल्यानंतरच.

मग करावे काय? याच जिल्ह्यात, याच प्रवरेच्या खोऱ्यात, लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनी आदिवासी विकास विभागाच्या सहकार्याने राजूर परिसरातील आश्रमशाळांतील मुलांच्या दातांची दरवर्षी तपासणी करावी आणि पालकांच्या संमतीने, शास्त्राची सारी पथ्ये पाळून, हिरड्याच्या गुळण्यांची रीतसर चाचणी घ्यावी. त्यातून काही औषध निघाले तर त्याच्या लाभात हिरडा वेचणाऱ्यांचा वाटा असावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाच्या वाटपाचे तत्त्व मान्य केलेलेच आहे. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशेवाळाच्या लागवडीला स्थान मिळाले. उद्या मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करणाऱ्या कोळणीची गत बाळहिरडा वेचणाऱ्या बाईसारखी होऊ नये, याची काळजी आजच घेतली पाहिजे.

परंतु औषध निघेपर्यंत दात थांबणार नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त मंजनाने दात घासणे, दोन जेवणांच्या मध्ये गोड न खाणे आणि मिसरीची डबी चुलीत टाकणे, हे तीन उपाय सिद्ध आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. हे काम सरकारी परिपत्रकापेक्षा शाळेतील गुरुजी आणि बाई अधिक चांगले करू शकतील. मूल शाळेत जे शिकते ते घरी जाऊन आईला सांगते. आईच्या हातातली मिसरी ज्या दिवशी मुलाच्या सांगण्यावरून सुटेल, त्या दिवशी राजूरच्या डोंगरात दंतवैद्यकाचा खरा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.