ओसरीवरून : एकच चेंडू कीं दोन?

गोल्फ हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांतला नव्हे. क्रिकेटची चर्चा स्वयंपाकघरापर्यंत पोंचून पुष्कळ वर्षें झालीं. पण विस्तीर्ण हिरवळीवर एक लहानसा पांढरा चेंडू काठीनें टोलवीत चार-पांच मैल चालावें, आणि तो एकामागून एक अठरा खळग्यांत घालावा, यांत शहाण्या माणसास काय गोडी वाटते हें आमच्या वहिनींस अद्याप उमगलेलें नाहीं. तथापि गेल्या रविवारीं आमच्या ओसरीवर याच खेळावरून दोन तास वाद माजला. निमित्त आमचा पुतण्या. तो रविवारीं सकाळीं खेळावयास जातो. चहा घेतां घेतां तो म्हणाला, "अण्णाकाका, आमचे चेंडू आतां पांच वार अलीकडे पाडणार आहेत, आणि तेंहि आमचा कांहीं अपराध नसतां!" आमच्या थोरल्या बंधूंनीं जन्मभर वकिली केलेली. 'अपराध' हा शब्द कानीं पडतांच त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें.

हकीकत अशी आहे. गोल्फचे नियम दोन संस्था मिळून करतात. एक अमेरिकेची युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन, व दुसरी स्कॉटलंडांतील सेंट अँड्रूज येथील आर अँड ए. १७४४ सालीं लीथ येथील कांहीं गृहस्थांनीं आपल्या स्पर्धेकरितां तेरा नियम लिहून काढले. पुढें या खेळास एक अभिमान जडला, तो असा कीं, नामांकित खेळाडू असो वा पोट सुटलेला पेन्शनर असो, सर्वांस नियम एकच. आमच्या पुतण्यास जो कायदा तोच टायगर वुड्स यांस. अमेरिकेंत बेसबॉलच्या वरच्या धंदेवाईक सामन्यांत लाकडीच दांडू लागतो, आणि कॉलेजांतील मुलांस १९७४ पासून धातूचा चालतो; तेथें कोणास त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. गोल्फवाल्यांस मात्र असली विभागणी म्हणजे सोंवळ्यास ओंवळ्याचा स्पर्श झाल्यासारखें होतें.

अडचण उत्पन्न झाली ती टोल्याच्या लांबीमुळें. अमेरिकेच्या मुख्य धंदेवाईक मालिकेंत १९८० सालीं पहिला टोला सरासरीनें सुमारें २५७ वार जात असे. २०२३ पर्यंत ही सरासरी ३०० वारांच्या घरांत आली. काठीचें डोकें धातूचें व मोठें झालें, चेंडूच्या पोटांतील रचना बदलली, आणि खेळाडू पहिलवानांसारखी तालीम करूं लागले. चेंडू लांब जाऊं लागला म्हणजे मैदान लांब करावें लागतें. ऑगस्टा येथील प्रसिद्ध मैदान १९९७ सालीं ६,९२५ वार होतें, तें २०२४ सालीं ७,५५५ वार झालें. तेथील तेराव्या खळग्यासाठीं शेजारच्या क्लबाची जमीन विकत घेऊन, २०२३ मध्यें आरंभाची जागा ३५ वार मागें नेण्यांत आली. ऑगस्टा श्रीमंत आहे, त्यास शेजाऱ्याची जमीन घेतां येते. सेंट अँड्रूजचें जुनें मैदान गांव आणि समुद्र यांच्यामध्यें अडकलेलें; तेथें २०१० च्या स्पर्धेंत सतराव्या खळग्याचा आरंभ चक्क मैदानाच्या हद्दीबाहेरून करावा लागला! जमीन, पाणी, गवत यांचा वाढता खर्च शेवटीं साध्या सभासदाच्या वर्गणींतून निघतो, हें निराळें सांगावयास नकोच.

तेव्हां मार्च २०२३ मध्यें या दोन संस्थांनीं एक सूचना पुढें मांडली. ज्या स्पर्धा अगदीं वरच्या दर्जाच्या असतील त्यांनीं इच्छा असल्यास कमी पल्ल्याचा चेंडू सक्तीचा करावा; बाकी जगानें आपला चेंडू सुखानें खेळावा. यावर मोठा गहजब झाला. चेंडू करणारे कारखानदार म्हणाले, खेळाची एकता भंगते. अमेरिकेच्या धंदेवाईक मालिकेच्या चालकांनींहि पाठिंबा देण्याचें नाकारलें. कारखानदारांस एकतेचा हा पुळका कोठून आला हें ओळखणें कठीण नाहीं. विजेत्याच्या हातचा चेंडू तोच तुमच्या हातीं, असें सांगूनच तर डझनाची पेटी विकावयाची असते!

संस्थांनीं मग डिसेंबर २०२३ मध्यें दुसरेंच टोंक गांठलें. दोन चेंडू नकोत काय? ठीक, मग सर्वांचाच चेंडू आंखूड. पूर्वी एका यंत्राकडून ताशी १२० मैल वेगानें काठी फिरवून चेंडू मारीत, आणि तीन वारांची सूट धरून तो ३१७ वारांपलीकडे जातां कामा नये अशी परीक्षा असे. नव्या परीक्षेंत हद्द तीच, पण काठीचा वेग १२५ मैल. अर्थात् चेंडूच मंद करणें भाग. वरच्या स्पर्धांस २०२८ आणि इतर सर्वांस २०३० अशा तारखा त्या वेळीं जाहीर झाल्या. संस्थांच्याच अंदाजाप्रमाणें सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ वार कमी होतील, व आमच्या पुतण्यासारख्यांचे फार तर पांच. आतां गंमत पाहा. 'नियम एकच हवा' म्हणून जे ओरडले त्यांतलेच कित्येक आतां विचारूं लागले कीं, राजवाड्यांत चोरी झाली म्हणून गांवकऱ्यांस दंड कां?

आमचे अण्णा सुरुवातीपासून एकच नियम या पक्षाचे. त्यांचें म्हणणें वरवरचें नव्हे. 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे शब्द आपल्याकडे नाटकांच्या मंडळ्यांमुळें परिचित आहेत, व 'धंदेवाईक' म्हणतांना किंचित् नाक मुरडण्याची संवय कोठून आली तेंहि आपण जाणतों. इंग्लंडांत ती संवय फार बळकट होती. १९२० सालीं डील येथील खुल्या स्पर्धेच्या वेळीं धंदेवाईक खेळाडूंस क्लबाच्या इमारतींत कपडे बदलण्याची बंदी होती. तेव्हां वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूनें मोठी मोटार भाड्यानें घेऊन ती क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिलाच आपली खोली बनविलें. क्रिकेटमध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर 'जंटलमेन' एका दारानें व 'प्लेयर्स' दुसऱ्या दारानें येत; हा भेद १९६२ पर्यंत टिकला. आपण तरी त्यांस कोणत्या तोंडानें हंसावें? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत हिंदूंच्या क्लबाकडून बाळू पालवणकर गोलंदाजी करीत. त्यांनीं मिळविलेल्या बळींवर आमचेच लोक टाळ्या पिटीत, आणि चहाच्या सुटींत त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा देत. याच बाळूंनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले. अण्णा म्हणाले, "दारें दोन, भांडीं दोन, पण सीमारेषेच्या आंत कायदा एक होता, एवढाच त्या माणसास आधार. तोहि तुम्ही दोन करूं म्हणतां?"

यावर ओसरी क्षणभर गप्प झाली. पण आमचा पुतण्या नुसता खेळणारा नाहीं, वाचणाराहि आहे. तो म्हणाला कीं, नियम आजहि तंतोतंत एक नाहींत. २०१९ पासून साध्या खेळांकरितां एक स्थानिक नियम ठेवलेला आहे: चेंडू हरवला तर मागें परत न जातां दोन टोल्यांचा दंड घेऊन पुढेंच दुसरा चेंडू टाकावा. वरच्या स्पर्धांत ही सवलत नाहीं. काठीची लांबी ४६ इंचांहून अधिक नसावी हें बंधन २०२२ पासून आहे, पण तें वरच्या स्पर्धांनीं लावून घ्यावयाचें. आमच्या क्लबांतील एखाद्या उंच गृहस्थानें ४७ इंचांची काठी आणली तर कोणी हरकत घेणार नाहीं. शिवाय नियम एक असला तरी तो दोघांवर सारखा पडतो असें थोडेंच आहे? हरवलेला चेंडू शोधण्यास सर्वांस तीनच मिनिटें. पण नामांकित खेळाडूचा चेंडू शोधावयास हजार डोळे असतात, आणि आमच्यासाठीं एक कॅडी, तोहि कंटाळलेला.

हे हजार डोळे उलटतातहि. २०१७ च्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांत लेक्सी थॉम्प्सन ही बावीस वर्षांची खेळाडू एका मोठ्या स्पर्धेंत शेवटच्या दिवशीं आघाडीवर होती. आदल्या दिवशीं सतराव्या खळग्यापाशीं तिनें चेंडू उचलून परत ठेवतांना तो इंचभर बाजूस ठेविला होता. चेंडू खळग्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर! दूरदर्शनवर पाहणाऱ्या कोणा प्रेक्षकानें ईमेलनें तें कळविलें. बारावा खळगा संपवून ती पुढें निघाली असतां तिला सांगण्यांत आलें कीं, चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन, व त्यामुळें चुकीच्या ठरलेल्या गुणपत्रिकेवर सही केल्याबद्दल आणखी दोन, असे चार टोले तुझ्या नांवावर वाढले. रडत रडत खेळूनहि तिनें बरोबरी साधली, पण निर्णायक खळग्यावर सो यॉन रयू हिनें तिला हरविलें. पुढें २०१८ पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणें बंद झालें. ज्यांच्यावर कॅमेरा नाहीं अशा आमच्या रविवारच्या मंडळींचे किती इंच इकडचे तिकडे होत असतील!

तरीहि सामान्य खेळाडूस निराळे नियम नकोसे वाटतात, याचें मूळ आमच्या मतें आपल्या अंगणांत सांपडतें. मुलांच्या खेळांत धाकट्यास घ्यावयाचें तर त्यास 'लिंबूटिंबू' ठरवितात. त्याच्यावर राज्य येत नाहीं, तो बाद होत नाहीं. दोन दिवस त्याला मौज वाटते. तिसऱ्या दिवशीं तो रडूं लागतो कीं, मला खरें खेळावयाचें आहे. गोल्फनें यावर सुंदर युक्ति काढली आहे, ती हँडिकॅपची. खेळ सर्वांचा सारखाच. फक्त शेवटीं ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणें ठरलेले टोले बेरजेंतून वजा करावयाचे. २०२० पासून जगभर याची एकच पद्धत लागू होऊं लागली. दुर्बळास सूट मिळते ती हिशेबांत, कायद्यांत नव्हे. म्हणून तो लिंबूटिंबू होत नाहीं.

मग आम्ही कोणत्या पक्षाचे? अण्णांचा मान राखून आम्हांस असें वाटतें कीं, दोन गोष्टींची येथें गल्लत झाली आहे. चेंडू पडला असेल तसा खेळावा, प्रत्येक टोला मोजावा, आपला दोष आपणच सांगावा, हा खेळाचा धर्म. तो दोघांस दोन असतां कामा नये. बॉबी जोन्स हे वकील व हौशी खेळाडू. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत चेंडू किंचित् हालला असें त्यांनीं स्वतःच सांगितलें, एक टोला दंड घेतला, आणि अखेर बरोबरीनंतरच्या फेरींत ते हरले. परंतु चेंडूचें माप हा धर्म नव्हे. ती साधनांची व्यवस्था आहे. याच खेळांत कित्येक दशकें ब्रिटिश चेंडू १.६२ इंच व्यासाचा आणि अमेरिकन १.६८ इंचांचा होता. १९५२ पासून दोन्ही संस्थांचे नियम एकत्र झाले, तरी चेंडू दोनच राहिले. ब्रिटिश खुल्या स्पर्धेंत मोठा चेंडू १९७४ सालीं सक्तीचा झाला आणि लहान चेंडू पुरता हद्दपार व्हावयास १९९० उजाडलें. तेवढ्या काळांत खेळ कांहीं बुडाला नाहीं.

एक आक्षेप मात्र आम्हांस जड वाटतो. हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधलें दार बंद नाहीं. आपल्याच इंडियन ओपन स्पर्धेंत १९६५ सालीं बिल्लू सेठी हे हौशी असतां जिंकले, आणि १९९१ सालीं तीच स्पर्धा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनीं जिंकली. खालून वर येणाऱ्या मुलानें दोन चेंडूंचा सराव करावा काय? परंतु मार्च २०२३ ची मूळ सूचना नीट वाचली तर रेघ माणसांमध्यें ओढलेली नव्हती, स्पर्धांमध्यें ओढलेली होती. मोठ्या स्पर्धेंत जो उतरेल, हौशी असो वा धंदेवाईक, त्यास तोच आंखूड चेंडू. ती सूचनाच बरी होती असें आम्हांस वाटतें, आणि ओरडा करून ती घालविणाऱ्यांनीं पांच वार गेले म्हणून रडूं नये.

अण्णांस हें पटलें नाहीं. त्यांनीं चष्मा पुसला आणि उलटतपासणीच्या जुन्या सुरांत पुतण्यास विचारलें, "तुझा चेंडू झाडींत हरवला, तर रविवारीं तूं किती टोले दंड घेतोस?"

पुतण्या कपांत पाहूं लागला. "त्या दिवशीं कोण बरोबर आहे त्यावर अवलंबून आहे, अण्णाकाका."

वहिनींनीं आंतून विचारलें, अजून चहा ठेवूं काय.