एका पाईपपायी गाडी भंगारात?

"टाका की विकून!"

घरात जुनी डिझेल गाडी असली की हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. म्हणणारे सगळे आपलेच असतात. काका, मेव्हणे, सोसायटीतले जोशी-कुलकर्णी. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा सडलेला नाही, आरटीओचं फिटनेस झालेलं आहे, हे त्यांनाही माहीत असतं. पण नोझलचा एक पाईप मिळत नाही म्हटलं की निकाल तयार! त्या निकालाविरुद्ध आज जरा तावातावाने लिहायचं आहे. (काका, हे तुम्हालाच उद्देशून आहे असं समजू नका. थोडंसं आहे. :-))

ज्यांना बॉनेट उघडून फक्त पाणी कुठे घालायचं एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जुन्या डिझेल इंजिनात एक पंप असतो. तो प्रत्येक सिलिंडरला त्याच्या त्याच्या वेळी मोजून डिझेल पाठवतो. पंपापासून नोझलपर्यंत प्रत्येक सिलिंडरचा वेगळा पोलादी पाईप. चार सिलिंडर, चार पाईप. बाहेरून बहुधा ६ मिलिमीटर जाड, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक, आणि आतलं भोक दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. बाकी सगळी पोलादाची भिंत. एवढी जाड भिंत कशाला? तर आपल्या टायरमध्ये हवेचा दाब असतो साधारण दोन बार. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल उघडायलाच १२०-१५० बार लागतात, आणि पाईपमधला दाब त्याच्याही वर जातो.

आता गंमत बघा. हे चार पाईप नीट पाहिले तर वेडेवाकडे दिसतात. जवळच्या सिलिंडरचा पाईपसुद्धा उगाच वळसा घालून गेलेला असतो. तो उगाच नाही. चौघांची लांबी सारखी ठेवायची असते. पंपाने ढकललं म्हणजे त्याच क्षणी नोझलमधून डिझेल फवारलं असं होत नाही. दाबाची लाट पाईपमधून सेकंदाला साधारण १३०० ते १४०० मीटर वेगाने धावते. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणजे एक पाईप दहा सेंटिमीटर लांब झाला तर त्या सिलिंडरचं टायमिंग एक अंशाहून जास्त मागे पडलं. भोक मोठं-लहान झालं तरी फवारा बिघडतो. थोडक्यात, हा नुसता पाईप नाही. तो टायमिंगचा भाग आहे.

म्हणूनच "त्यात काय, झाळून देतो!" म्हणणारे मिस्त्री मला "विकून टाका" म्हणणाऱ्यांइतकेच धोकादायक वाटतात. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक. कौतुक करावं तिथे मीही करतो. पण चिरलेल्या नोझल पाईपला पितळी झाळ मारणं, मधला तुकडा कापून तांब्याची नळी जोडणं, हा जुगाड नव्हे, हा फाजील आत्मविश्वास आहे. झाळ आत उतरून भोक अरुंद करते. तांबं मुळात मऊ, आणि इंजिनाच्या थरथरीने ते कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. चिरलं की डिझेलची अदृश्य धार गरम इंजिनावर. आणि अशा वेळी आपला मिस्त्री काय करतो? गळतंय कुठे ते हात फिरवून बघतो! त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून दिसतं टाचणीएवढं छिद्र, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजतो. ही दवाखान्यात मलम लावून यायची जखम नाही, तातडीच्या शस्त्रक्रियेची आहे. बोट गमवावं लागू शकतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, हात कधीही नाही. हे वाक्य मला प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर रंगवून घ्यावंसं वाटतं.

आणि मुळात हे पाईप तुटतात का? बऱ्याचदा आपल्याच आळसाने. चार पाईप एकमेकांना धरून ठेवणारे छोटे क्लॅम्प असतात. काम करताना ते काढले जातात आणि "राहिले तर राहिले" म्हणून डब्यात पडतात. मग पाईप मोकळे थरथरतात, एकमेकांवर घासतात आणि कॉलरपाशी चीर जाते. दहा रुपयांचा क्लॅम्प न लावल्याने गाडी भंगारात जायची वेळ येते.

तुम्ही म्हणाल, मग नवीन पाईप आणा की! तीच तर रड आहे. आमच्या घरच्या १९९९ सालच्या गाडीसाठी अधिकृत काउंटरवर उत्तर मिळालं, "पार्ट बंद झाला." (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीच.) नाना पेठेत दुकानामागून दुकान हिंडलो. तिथले लोक सज्जन, पण पार्ट नंबर मागतात. नंबर सांगितला तर संगणकात येत नाही. जुना पाईप दाखवला तर म्हणतात, "ट्रॅक्टरचा देऊ का?" ह्या शेवटच्या प्रश्नाचं मला आधी हसू आलं. नंतर वाटलं, सगळं दुखणं ह्या प्रश्नातच आहे. ट्रॅक्टरचा पाईप तालुक्याच्या गावी मिळतो. तंत्र तेच, पोलाद तेच, दाबही त्याच जातीचा. राजकोटसारख्या गावात डिझेल इंजिनाचे भाग बनवणारे छोटे कारखाने भरपूर आहेत. म्हणजे हा पाईप बनवता येत नाही असं अजिबात नाही. कारच्या पाईपचं माप त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

आणि मापात गुपित तरी काय आहे? टोकाच्या ६० अंशांच्या शंकूची बैठक आयएसओ २९७४ ह्या मानकात ठरलेली आहे. पाईपचं पोलाद कसं असावं त्याचं मानक आयएसओ ८५३५. नटांचे आटेही ठराविक. गाडीगणिक बदलतं ते फक्त लांबी, भोक आणि वळणं. एका पानावर मावेल एवढी माहिती! चांगला पंपवाला (पंप-नोझलचं कॅलिब्रेशन करणारा, पेट्रोल पंपवाला नव्हे) योग्य नळी घेतो, मापात कापतो, नट आणि स्लीव्ह ओवतो, प्रेसवर टोकं दाबतो, वळवतो, आतली बुरी साफ करतो. ही बुरी राहिली तर सरळ नोझलमध्ये जाऊन बसते. नट ओवायचा विसरला तर दुसरं टोक दाबल्यावर पाईप फुकट. कसबाचं काम आहे, पण जादू नाही.

आता कोणी म्हणेल, कंपनीने पंचवीस वर्षं पाईप साठवून ठेवायचे का? मी असं म्हणतच नाही. कधीकधी तर कंपनीच उरत नाही. अ‍ॅम्बॅसॅडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. त्या गाड्यांना पाईप कोणी द्यायचे? माझं म्हणणं एवढंच की पार्ट बंद करताना त्याचं रेखाचित्र खुलं करा. तुम्हाला विकायचा नाही ना? मग ज्याला बनवायचाय त्याला बनवू द्या. मर्सिडीजवाल्यांनी जर्मनीत फेलबाखला १९९३ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळं केंद्रच काढलं. सगळ्यांना ते परवडणार नाही, मान्य. पण एक कागद खुला करायला काय खर्च येतो?

नाव एक असून भागत नाही, माप लागतं, ह्याचं उदाहरण आपल्या अंगणातलंच आहे. मर्सिडीज २४० डीमधलं ओएम ६१६ हे इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) परवान्यावर बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये घातलं. खानदान एक. तरी एकाचा पाईप दुसऱ्याला डोळे मिटून लावता येत नाही. भोक, लांबी, वळण पडताळूनच घ्यावं लागतं. पडताळायचं कशाशी? पुन्हा त्याच एका कागदाशी.

कायद्याला हे कळत नाही असंही नाही. २५ ऑगस्ट २०१४ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. पुढे अपिलं झाली, ते वेगळं. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. डिसेंबरात पोर्टलही निघालं. चांगलंच झालं. पण चालू मॉडेलची माहितीपुस्तिका मिळणं वेगळं आणि बंद झालेल्या पाईपचं माप मिळणं वेगळं.

दुसरीकडे सरकार माझ्याकडून काय घेतं? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला कारला ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वर आपल्या राज्याचा हरित कर. भरतो, तक्रार नाही. पण पैसे घेऊन गाडी चालवायची परवानगी द्यायची आणि ती सुरक्षित ठेवायला लागणारा पाईप मिळतो की नाही ह्याकडे बघायचंही नाही, ही कसली परवानगी?

प्रदूषणाचं म्हणाल तर तो आक्षेप खरा आहे. जुनं डिझेल इंजिन काजळी जास्तच टाकतं. मग धूर मोजा, मर्यादा कडक करा, न बसणारी गाडी खुशाल बंद करा. नियमाने गेली तर मी स्वतः नेऊन देईन. पण पाईप न मिळाल्याने गाडी बंद पडावी असं धोरण कुठल्या देशात असतं? उलट होतं काय, तर माणूस नाइलाजाने झाळलेला, लहानमोठ्या मापाचा पाईप लावतो, एक सिलिंडर उशिरा जळतो आणि गाडी आणखी धूर ओकते. म्हणजे प्रदूषण वाढवायची सोय आपणच केली.

असो. कंपन्या आणि सरकार कधी ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर मंडळी, तुमच्या घरी जुनी डिझेल गाडी असेल तर ती चालू आहे तोवरच एक काम करा. चारही पाईपांची लांबी दोरा वळणावरून फिरवून मोजा, जाडी आणि भोक पंपवाल्याकडून मोजून घ्या, नटांचे आटे लिहा, वळणांचे चारी बाजूंनी फोटो काढा, क्लॅम्प कुठे कुठे आहेत ते टिपा. आणि ते कागद कपाटात ठेवू नका, सगळ्यांना दिसतील असे मांडा. मी आमच्या गाडीचे मांडतोय. दुसऱ्या कोणाच्या अंगणात तीच गाडी एका पाईपसाठी उभी असेल, त्याला तरी "टाका विकून" ऐकावं लागू नये.